मौनाचा अर्थ कोणी लावायचा?

१९९५च्या ऑक्टोबरमध्ये नेटवर्क सोल्यूशन्स या अमेरिकी कंपनीच्या हाती एक पत्र पडले. ‘ऑनलाइन क्लासिफाइड्स’ नावाच्या व्यवसायाने ते स्टीफन कोहेन नावाच्या गृहस्थाला लिहिले आहे, असे वरकरणी दिसत होते. मजकूर असा, की गॅरी क्रेमेन यांना आम्ही कामावरून काढून टाकले आहे, सेक्स डॉट कॉम हे डोमेन नाव आम्हाला आता नको आहे, ते तुम्ही घ्यायला आमची हरकत नाही. आणि आमच्याकडे इंटरनेटची थेट जोडणी नसल्यामुळे नोंदणी करणाऱ्यांना हे तुम्हीच परस्पर कळवावे. क्रेमेनने १९९४ साली हे नाव नोंदवले होते आणि ऑनलाइन क्लासिफाइड्स हा त्याचाच व्यवसाय होता. पत्र बनावट होते. कोहेन हा त्याच वर्षी तुरुंगातून सुटलेला ठग. वकील असल्याचे सोंग आणल्याबद्दल शिक्षा भोगून आलेला. नावातच ‘ऑनलाइन’ असलेल्या कंपनीकडे इंटरनेट नाही, ही थाप शाळकरी पोरानेही पकडली असती. नोंदणी कंपनीने मात्र क्रेमेनला ना फोन केला, ना ईमेल. तिने नाव सरळ कोहेनच्या खात्यावर चढवले. क्रेमेनने नंतर विचारणा केली तेव्हा उत्तर मिळाले, की आता फार उशीर झाला.

डोमेन नावांच्या चोरीचा इतिहास बहुतेक वेळा असाच सांगितला जातो: एक बिलंदर चोर, एक गाफील मालक आणि मधे एक झोपाळू कारकून. गोष्ट रंगते, पण तिच्यातून कळत काहीच नाही. गेल्या तीस वर्षांतली ठळक प्रकरणे ओळीने मांडली, तर चोरांची हुशारी फारशी वाढलेली दिसत नाही. बदलत गेले ते नियम. आणि प्रत्येक नियमाच्या पोटात एकच प्रश्न दडलेला आहे. नाव हलवायचे तर कोणाला विचारायचे, आणि तो काहीच बोलला नाही तर त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ काय लावायचा? ‘मौनं संमतिलक्षणम्’ असे म्हणणे सोपे असते. माझे म्हणणे असे, की डोमेन चोरीचे मूळ या संमतीच्या गृहीतकातही नाही. ज्याला त्या मौनातून पैसे मिळणार आहेत, त्याच्याच हाती तपासणीचे काम सोपवले गेले, त्यात आहे. सातबारावर नाव बदलायचे तर तलाठी फेरफार नोंदवतो, हितसंबंधितांना नोटीस काढतो, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहतो आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. तिथेही मौन म्हणजे संमतीच. पण नोटीस जुन्या मालकाला जाते आणि ती काढणारा माणूस जमिनीच्या नव्या खरेदीदाराचा दलाल नसतो. इंटरनेटच्या नोंदवहीत एके काळी नेमके उलटे घडले.

आधी मक्तेदारीचे दिवस पाहू. १९९३पासून अमेरिकी सरकारच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनशी झालेल्या करारानुसार डॉट कॉम, डॉट नेट आणि डॉट ऑर्गची नोंदणी एकट्या नेटवर्क सोल्यूशन्सकडे होती. सुरुवातीला नोंदणी फुकट होती. सप्टेंबर १९९५पासून दोन वर्षांचे शंभर डॉलर पडू लागले. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे नावे नोंदवून देणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे, नाव पळवून नेण्याचा प्रश्न तेव्हा उद्भवत नव्हता, कारण दुसरा रजिस्ट्रारच नव्हता. नोंदीत फेरबदल करायचे तर ईमेलने अर्ज पाठवायचा. मालकाची ओळख पटवण्याचे तीन प्रकार होते. सर्वांत वरचा गुप्तलेखनाच्या किल्लीवर चाले, मधला पासवर्डवर, आणि सर्वांत खालचा, म्हणजे मालकाने काहीच निवडले नाही तर आपोआप लागू होणारा, फक्त ईमेल पाठवणाऱ्याचा पत्ता पाहत असे. ईमेलवर पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा घालता येतो, हे त्या काळच्या कोणत्याही संगणक विद्यार्थ्याला ठाऊक होते. ऑक्टोबर १९९८मध्ये अशाच एका बनावट ईमेलने एओएल डॉट कॉमची नोंद बदलली गेली आणि अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या इंटरनेट सेवेचे टपाल काही तास भलत्याच ठिकाणी जात राहिले. एओएलसारख्या कंपनीनेही सर्वांत खालचाच प्रकार ठेवला होता. जून २००० मध्ये नायकी डॉट कॉमवर जाणारे लोक मेलबर्नच्या जागतिक आर्थिक परिषदेविरुद्ध निदर्शने करणाऱ्या एस-११ या गटाच्या पानावर जाऊन पोहोचले. ती सगळी वाहतूक स्कॉटलंडमधल्या एका छोट्या होस्टिंग कंपनीच्या यंत्रांवरून गेली. तिने उलट नायकीकडेच खर्चाची भरपाई मागितली, आणि तिच्या मागणीत तथ्य नव्हते असे म्हणवत नाही.

मक्तेदारी मोडण्याची मागणी मात्र चोरीमुळे झाली नाही, किमतीमुळे झाली. १९९८च्या शरदात डोमेन नावांचा कारभार पाहणारी आयकॅन ही संस्था स्थापन झाली आणि १९९९मध्ये तिने नोंदणीचे काम दोन थरांत विभागले. खालच्या थरात मूळ नोंदवही सांभाळणारी रजिस्ट्री; डॉट कॉमसाठी ती नेटवर्क सोल्यूशन्सकडेच राहिली आणि २००० साली व्हेरिसाइनने ती कंपनीच विकत घेतल्यावर व्हेरिसाइनकडे गेली. वरच्या थरात गिऱ्हाइकाशी व्यवहार करणारे अनेक रजिस्ट्रार. चाचणीसाठी निवडलेल्या पहिल्या पाचांत अमेरिका ऑनलाइन (म्हणजे एओएल), रजिस्टर डॉट कॉम आणि ऑस्ट्रेलियाची मेलबर्न आयटी हे होते. जुन्या कंपनीचा दर वर्षाला ३५ डॉलर, आणि नव्या रजिस्ट्रारना रजिस्ट्रीकडून तीच नोंद सहा डॉलरला मिळू लागली. मधल्या फरकावर डझनावारी कंपन्या उभ्या राहिल्या, त्यांच्या हाताखाली रीसेलर आले, रीसेलरच्या हाताखाली आणखी रीसेलर. गिऱ्हाइकाने एक रजिस्ट्रार सोडून दुसऱ्याकडे जायचे म्हणजे ट्रान्सफर. स्पर्धेचा सगळा अर्थ या एका शब्दात होता, कारण नाव हलवता येत नसेल तर स्वस्त दुकान शेजारी उघडून उपयोग काय?

इथून जो झगडा सुरू झाला, त्याचा आज बहुतेकांना विसर पडला आहे, आणि पुढचे सारे त्याच्यातूनच निघाले. २००१च्या सुमारास व्हेरिसाइनने आणि आणखी एक-दोन मोठ्या रजिस्ट्रारनी आपल्याकडून जाणाऱ्या प्रत्येक नावाच्या मालकाला पुष्टीची ईमेल पाठवायला सुरुवात केली. उत्तर आले नाही तर ट्रान्सफर फेटाळायची. कारण सांगितले जाई ते ग्राहकाच्या रक्षणाचे: काही लुच्चे रजिस्ट्रार फसव्या पत्रांनी गिऱ्हाइके पळवतात, आम्ही त्यांना वाचवतो आहोत. कारण अगदीच खोटे नव्हते. अशी पत्रे जात होतीच. ‘डोमेन रजिस्ट्री ऑफ अमेरिका’ नावाच्या, सरकारी वाटेल अशा नावाच्या कंपनीला फेडरल ट्रेड कमिशनने त्यासाठी डिसेंबर २००३मध्ये न्यायालयातून रोखले. पण २००२च्या वसंतात खुद्द व्हेरिसाइननेच प्रतिस्पर्ध्यांच्या गिऱ्हाइकांना मुदत संपल्याच्या सूचनेसारखी दिसणारी पत्रे धाडली. ज्याने भरून परत पाठवले, त्याचे नाव नकळत व्हेरिसाइनकडे ट्रान्सफर व्हायचे. बल्करजिस्टर या रजिस्ट्रारने न्यायालयातून मनाई मिळवली आणि सप्टेंबर २००३मध्ये ट्रेड कमिशनने नेटवर्क सोल्यूशन्सलाही अशाच पत्रांबद्दल समज देऊन तडजोड करायला लावली. म्हणजे जाणाऱ्याला अडवताना जी कंपनी ‘मौन म्हणजे नकार’ म्हणत होती, तीच येणाऱ्याला घेताना मौनाचीही वाट पाहत नव्हती. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

या पार्श्वभूमीवर आयकॅनच्या समितीने जो निष्कर्ष काढला तो आज वाचतानाही मला चुकीचा वाटत नाही. आयकॅनच्या संचालक मंडळाने एप्रिल २००३मध्ये शिफारशी स्वीकारल्या आणि १२ नोव्हेंबर २००४पासून नवे ट्रान्सफर धोरण लागू झाले. नाव जिथून निघते त्या रजिस्ट्रारला ते अडवण्याची मोजकीच कारणे उरली, आणि मालकाचे उत्तर न येणे हे त्यांत धरू नये असे स्पष्ट लिहिले गेले. पाच दिवसांत आक्षेप आला नाही, तर ट्रान्सफर पूर्ण. मालकाची संमती मिळवायची जबाबदारी नाव जिथे जाणार त्या रजिस्ट्रारवर. त्याने ठरावीक नमुन्यातली संमती घ्यायची आणि जपून ठेवायची. जुन्या रजिस्ट्रारने मालकाला कळवणे ऐच्छिक राहिले. मौनाचा अर्थ एका रात्रीत नकारापासून होकारापर्यंत आला. कारण योग्य होते: मालकाला आपल्या मालाबरोबर निघून जाण्याचा हक्क असला पाहिजे. पण हक्क देताना पहारा ज्याच्या हाती दिला, त्याला प्रत्येक यशस्वी ट्रान्सफरमागे एक गिऱ्हाईक मिळणार होते.

नियम लागू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. पॅनिक्स ही न्यूयॉर्कमधली सर्वांत जुनी व्यावसायिक इंटरनेट सेवा, १९८९पासूनची. १५ जानेवारी २००५ला, मार्टिन ल्यूथर किंग दिनाला जोडून आलेल्या सुट्टीतल्या शनिवारी, तिच्या हजारो ग्राहकांची ईमेल बंद पडली. पॅनिक्स डॉट कॉम हे नाव डॉटस्टर या रजिस्ट्रारकडून मेलबर्न आयटीकडे गेले होते. मालक म्हणून नवीच माहिती नोंदवलेली, नेमसर्व्हर ब्रिटनमध्ये, आणि टपाल वळवलेले कॅनडातल्या यंत्रांकडे. यंत्रे, तारा, माणसे सगळे न्यूयॉर्कमध्ये जागच्या जागी चालू होते. फक्त त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा पत्ता दुसऱ्याच्या ताब्यात गेला होता. पॅनिक्सने ग्राहकांना तात्पुरते पॅनिक्स डॉट नेट वापरायला सांगितले आणि मेलबर्नला फोन लावायला सुरुवात केली. तिथे शनिवार-रविवारी उचलणारे कोणी नव्हते. व्हेरिसाइनच्या रजिस्ट्रीकडे जावे, तर स्वतःहून नोंद उलटवण्याची मुभा धोरणाने तिला दिलेली नव्हती. दोन रजिस्ट्रारनी आपसांत मिटवावे किंवा तक्रारीची रीतसर प्रक्रिया करावी, आणि ती प्रक्रिया आठवड्यांच्या हिशेबात चालणारी. मेलबर्नमध्ये सोमवार उजाडला, कचेरी उघडली, तेव्हा कुठे नाव परत आले.

मग कळले ते असे. मेलबर्न आयटीने संमती तपासण्याचे काम आपल्या रीसेलरवर सोपवले होते. ब्रिटनमधल्या एका रीसेलरकडे चोरलेल्या क्रेडिट कार्डावर कोणी खाते उघडले, ट्रान्सफर मागितली आणि रीसेलरने मालकाला न विचारताच ती पुढे ढकलली. मेलबर्न आयटीने तपासणीत चूक झाल्याचे मान्य केले आणि ती फट बुजवल्याचे सांगितले. त्या कंपनीचे तंत्रप्रमुख ब्रूस टोंकिन हे त्याच काळात आयकॅनच्या धोरणे ठरवणाऱ्या परिषदेचे अध्यक्ष होते. यात कट-कारस्थान काही नव्हते. धोरण ज्यांना सर्वांत चांगले ठाऊक होते त्यांच्या घरातही ते पाळले गेले नाही, एवढेच. आणि धोरणावरचा याहून कडक अभिप्राय मला सुचत नाही. संमती घेण्याचा नमुना कागदावर होता. पण रजिस्ट्रारने रीसेलरला, रीसेलरने गिऱ्हाइकाला, असे प्रत्येकाने खालच्यावर विसंबून काम केले की साखळीच्या शेवटी संमती देणारा चोरच निघतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: मालकाने नाव लॉक करायला हवे होते. लॉकची सोय तेव्हा होती हे खरे. रजिस्ट्रारने नोंदीवर एक खूण चढवली, की रजिस्ट्री ट्रान्सफरची मागणी परस्पर परत पाठवते. आणि नवे धोरण येताच अनेक रजिस्ट्रारनी आपल्याकडची सगळी नावे सरसकट लॉक करायला घेतली होती. पण नीट पाहिले तर आक्षेपच माझ्या बाजूने बोलतो. ज्या व्यवस्थेत मालकाने काही केले नाही तर दार उघडे राहते, ती चोरी झाल्यावर मालकाला दोष देते. आणि बहुसंख्य मालक काहीच करत नाहीत, हे एओएलने सहा वर्षांपूर्वी दाखवून दिले होते. मौनाचा तोच अर्थ जर्मनीतही अंगाशी आला. ऑगस्ट २००४मध्ये, आयकॅनचे धोरण यायच्या आधी, हेल्मश्टेट गावच्या १९ वर्षांच्या मुलाने मजा म्हणून काही बड्या जर्मन नावांच्या ट्रान्सफर मागितल्या. बाकीच्या फेटाळल्या गेल्या. ईबे डॉट डीईची मागणी आधीच्या व्यवस्थापकाने मुदतीत नाकारली नाही आणि ईबेचा जर्मन बाजार शनिवार-रविवारच्या गर्दीत काही तास गायब झाला. इथे ना बनावट पत्र, ना चोरलेले कार्ड. एक अर्ज आणि त्यावरचे मौन.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कोणी म्हणेल, एवढी भानगड कशाला. पूर्वीसारखे मौन म्हणजे नकार धरा, चोऱ्या थांबतील. थांबतील, पण कोणासाठी? सेक्स डॉट कॉमची चोरी मक्तेदारीतच झाली होती, तिथे स्पर्धक रजिस्ट्रार नव्हता. तिथेही दोष तोच: खात्री करण्याचे काम ज्याच्याकडे, त्याला ती न करण्याची काही किंमत मोजावी लागत नव्हती. ही किंमत ठरवली ती न्यायालयाने. क्रेमेनने कोहेनविरुद्ध खटला जिंकला, २००१मध्ये साडेसहा कोटी डॉलरची भरपाई मंजूर झाली, आणि कोहेन पैसे परदेशी हलवून मेक्सिकोत पसार झाला; तो हाती लागला २००५मध्ये, तिहुआनात. दरम्यान क्रेमेनने नेटवर्क सोल्यूशन्सलाच कोर्टात खेचले. खालच्या कोर्टाने म्हटले, डोमेन नाव अमूर्त आहे, त्याच्या अपहाराबद्दल दावा चालत नाही. शिवाय नोंदणी फुकट होती, म्हणजे करारही नाही. जुलै २००३मध्ये अपील न्यायालयाचे न्यायमूर्ती अ‍ॅलेक्स कोझिन्स्की यांनी कराराचा मुद्दा मान्य केला आणि मालमत्तेचा फिरवला. नाव ही मालमत्ता आहे, आणि दुसऱ्याची मालमत्ता तिसऱ्याच्या हाती देणाऱ्या कंपनीला जबाबदार धरण्यात काही अन्याय नाही. पुढच्या वर्षी कंपनीने क्रेमेनशी तडजोड केली. आपल्याकडे न्यायालये याच मुक्कामाकडे वेगळ्या वाटेने, ट्रेडमार्कच्या वाटेने गेली. १९९९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेडिफ आणि ‘रॅडिफ’च्या वादात डोमेन नाव हे कंपनीचे मोलाचे धन असू शकते असे म्हटले, आणि २००४मध्ये सत्यम इन्फोवेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याला व्यापारचिन्हासारखे संरक्षण दिले. पण ती सगळी भांडणे मिळत्याजुळत्या नावांची होती. आपलेच नाव आपल्या हातून नेले गेले तर हलगर्जी नोंदणीदाराचे काय, या प्रश्नाला कोझिन्स्कींनी थेट हात घातला. मला तो निकाल तांत्रिक उपायांपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

आयकॅनच्या सुरक्षा समितीने जुलै २००५मध्ये पॅनिक्स, ईबे डॉट डीई यांसारखी प्रकरणे तपासून अहवाल दिला. लॉक आपोआप असावा, प्रत्येक नावाला ट्रान्सफरसाठी वेगळा गुप्त संकेतांक असावा, जुन्या रजिस्ट्रारने मालकाला कळवावे, आणि अडचणीच्या वेळी रात्री-बेरात्री उचलला जाईल असा फोन असावा, हा त्याचा मथितार्थ. संकेतांकाची कल्पना जुनीच होती, पण डॉट कॉममध्ये ती २००६च्या सुमारास आली. आणि जिथे ती आधीपासून होती तिथे समितीला आढळले होते, की काही रजिस्ट्रार आपल्याकडच्या सर्व नावांना एकच संकेतांक देऊन मोकळे झाले आहेत. सगळ्या खोल्यांना एकच किल्ली! मालकाला कळवणे सक्तीचे झाले आणि चार तासांत प्रतिसाद देणारा आणीबाणीचा संपर्क ठेवणे बंधनकारक झाले ते १ जून २०१२पासून. पॅनिक्सचा फोन न उचलला गेल्याला तेव्हा सात वर्षे उलटली होती.

या सात वर्षांत चोरांनी वाट बदलली, आणि इथे तिसरा आक्षेप उभा राहतो: पुढची मोठी प्रकरणे ट्रान्सफरची नव्हतीच, मग ट्रान्सफरच्या नियमांना एवढे महत्त्व का? उदाहरण बायडूचे. चीनच्या या सर्च इंजिनचे नाव रजिस्टर डॉट कॉमकडे होते. जानेवारी २०१०मध्ये एकाने त्या रजिस्ट्रारच्या मदतकक्षाशी चॅटवर बोलणे सुरू केले आणि खात्यावरचा ईमेल पत्ता बदलून मागितला. कर्मचाऱ्याने ओळख पटवणारी माहिती विचारली. उत्तर चुकीचे आले. तरी त्याने बायडूच्या नोंदलेल्या पत्त्यावर सुरक्षा संकेतांक पाठवला आणि चॅटवरच्या माणसाला तो सांगायला सांगितले. त्या माणसाने मनानेच काहीतरी आकडे टाकले. कर्मचाऱ्याने दोन्ही संकेतांक ताडून पाहिले नाहीत आणि जीमेलवरचा एक पत्ता खात्याला जोडून दिला. पुढे ‘पासवर्ड विसरलो’ हे बटण दाबायचे बाकी होते. सुमारे पाच तास बायडूवर ‘इराणी सायबर आर्मी’चा झेंडा फडकत होता. न्यूयॉर्कमध्ये न्यायमूर्ती डेनी चिन यांनी घोर निष्काळजीपणाचा दावा चालेल असे ठरवले, कंपनीने करारात जबाबदारी झटकणारी कलमे घातलेली असूनही. ट्रान्सफर इथे झाली नाही, पण प्रश्न तोच आहे. बायडूच्या पेटीत संकेतांक पोहोचला होता आणि बायडू गप्प होते. ते मौन कोणीतरी परस्पर होकार म्हणून वाचले. ज्याने वाचले त्याला चॅट लवकर संपवायची होती.

उत्तर कोणत्या दिशेला आहे, ते २७ ऑगस्ट २०१३ला एकाच दिवसात दिसले. सीरियन इलेक्ट्रॉनिक आर्मीने मेलबर्न आयटीच्या (पुन्हा तीच कंपनी, पुन्हा रीसेलर) एका रीसेलरचा पासवर्ड मिळवून न्यूयॉर्क टाइम्सची नोंद बदलली. वर्तमानपत्राचे संकेतस्थळ तासन्‌तास वाचकांना मिळेना. त्याच खात्यातून ट्विटरच्या नावांवरही हात टाकला गेला. ट्विटर डॉट कॉम मात्र हलले नाही, कारण त्यावर रजिस्ट्री लॉक होता. साध्या लॉकची किल्ली रजिस्ट्रारकडे असते, म्हणजे रजिस्ट्रारच्या खात्यात शिरलेला माणूस तो उघडू शकतो. रजिस्ट्री लॉकमध्ये खालचा थर वरच्या थरावर विश्वासच ठेवत नाही: रजिस्ट्रारच्या नेमलेल्या माणसाने ठरलेल्या पद्धतीने ओळख पटवून दिल्याशिवाय नोंद बदलायची नाही. ज्याला बदलातून काहीच मिळत नाही, त्याच्या हाती तपासणी. फेरफारातल्या मंडळ अधिकाऱ्याची जागा इंटरनेटला सापडली ती ही. फक्त ती वेगळे पैसे मोजून मिळते.

केवळ मुदती वाढवून काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. चोरीचे नाव लगेच पुढे विकले जाऊ नये म्हणून ट्रान्सफरनंतर साठ दिवस ते हलवता न येण्याची अट होती. १ डिसेंबर २०१६पासून मालक बदलल्यावरही तीच आली. पर्ल डॉट कॉम हे प्रोग्रॅमिंगच्या भाषेचे १९९०च्या दशकातले नाव. त्याचे खाते सप्टेंबर २०२०मध्ये बळकावले गेले, आणि कोणाला पत्ता लागला नाही कारण चोराने काहीच बदलले नाही. मुदत उलटू दिली, डिसेंबरमध्ये नाव एका चिनी रजिस्ट्रारकडे नेले, पुन्हा थांबला, २७ जानेवारी २०२१ला जर्मन रजिस्ट्रारकडे नेऊन एक लाख नव्वद हजार डॉलरला विक्रीस मांडले. तेव्हा कुठे खऱ्या मालकाला जाग आली. फेब्रुवारीत नाव परत मिळाले, पण पर्लचे नाव जगभर ओळखीचे होते म्हणून. साठ दिवसांनी प्रामाणिक माणसाची गैरसोय केली आणि चोराला संयम शिकवला.

मे २०१८पासून युरोपच्या खासगीपणाच्या कायद्यामुळे मालकांचे पत्ते सार्वजनिक नोंदीतून लपले, आणि नव्या रजिस्ट्रारने मालकाची संमती थेट घेण्याची जुनी अट आयकॅनलाच सैल करावी लागली. आता भार उरला तो संकेतांकावर. २०२५मध्ये सादर झालेल्या आयकॅनच्या फेरआढाव्याच्या अंतिम अहवालात हा संकेतांक मालकाने मागितल्यावरच तयार व्हावा, चौदा दिवसांत निकामी व्हावा आणि साठ दिवसांच्या अटीऐवजी तीस दिवस असावेत, अशा शिफारशी आहेत. दिशा बरोबर आहे. मालक बोलल्याशिवाय किल्लीच जन्माला येत नाही. रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी भारतातल्या बँकांना, म्हणजे महाराष्ट्रातल्या नागरी सहकारी बँकांनाही, ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत डॉट बँक डॉट इन या नावांवर यायला सांगितले. उद्देश खोट्या संकेतस्थळांना आळा घालण्याचा, पण रचना पाहण्यासारखी: या नावांचा रजिस्ट्रार एकच, हैदराबादची आयडीआरबीटी. दुसरा रजिस्ट्रार नाही, म्हणजे ट्रान्सफर नाही, आणि मौनाचा अर्थ लावण्याची वेळही नाही. बँकांपुरते ते ठीक आहे, कारण बँकेला स्वस्त नावापेक्षा पक्के नाव हवे असते. सगळ्यांसाठी तसे करणे म्हणजे १९९८ परत आणणे. पतसंस्था, शाळा, प्रकाशक, छोटे कारखानदार डॉट कॉम आणि डॉट इनवरच राहणार आहेत, आणि रजिस्ट्री लॉक ही त्यांच्यासाठी अजूनही वेगळ्या पैशाची सेवा आहे. ती मूळ नोंदणीच्याच किमतीत मिळायला हवी. तोवर संस्थेच्या चालकांनी निदान एवढे करावे: नावाच्या नोंदीवर मालक म्हणून संस्थेचे नाव आहे की वेबसाइट करून देणाऱ्याचे, संपर्काचा ईमेल पत्ता त्याच डोमेनवरचा तर नाही ना, आणि लॉक लावलेला आहे का, हे या आठवड्यात रजिस्ट्रारच्या खात्यात जाऊन स्वतः पाहावे.